डीएनएची कॉपी, दुरुस्ती आणि कॅन्सर : सोलापूरहून मला वारंवार येणारे प्रश्न

मी मूळची सोलापूरची, पूर्व भागातली, घरी दोन माग होते. आता पुण्यात एका लॅबमध्ये डीएनएवर संशोधन करते. गड्ड्याच्या यात्रेला घरी आले की, आणि एरवी व्हॉट्सअपवर, तेच तेच प्रश्न येतात, कधी मावशीचे, कधी शाळेतल्या मैत्रिणीच्या दिराचे, कधी अजिबात ओळख नसलेल्या लोकांचे. प्रत्येकाला वेगळं टाइप करून करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. यापुढे नुसती लिंक पाठवली तर राग मानू नका.

१. तू तिकडं नेमकं काय करायलीस? कॅन्सरचं औषध शोधायलीस का?

नाही. हे आधीच सांगते कारण मावशीने अर्ध्या गल्लीला तसं सांगून ठेवलंय. पेशी एकाची दोन होण्याआधी स्वतःच्या डीएनएची कॉपी काढते, ती काढताना मध्येच अडथळा आला तर काम थांबतं, आणि ते थांबलेलं काम डीएनए न तुटता परत चालू कसं होतं हे बघणं, एवढंच माझं काम. मागावर बसलेल्या माणसाला हे लगेच कळतं. ताण्यातला धागा तुटतोच, दिवसातून कितीदा तरी तुटतो, त्याचं काही नाही, माग थांबवायचा, गाठ मारायची, परत चालू करायचा. पण न थांबवता तसाच हाणत राहिलं की चादरीत खालपर्यंत रेघ पडते आणि तो माल सेकंडमध्ये जातो. मी त्या थांबण्यावर आणि त्या गाठीवर काम करते. यातून पुढे कुणीतरी औषध काढतं, तसं एकदा झालंय पण (प्रश्न १२ बघा), पण ते करणारे लोक वेगळे आणि त्याला वर्षं लागतात.

२. डीएनए रक्तात असतो ना? रक्त काढूनच टेस्ट करतात की.

रक्तात असतो पण फक्त रक्तात नाही, अंगातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असतो, कातडी, लिव्हर, केसाचं मूळ, सगळीकडे. गंमत म्हणजे रक्तातल्या लाल पेशींमध्येच तो नसतो, टेस्टला वापरतात तो पांढऱ्या पेशींमधला. रक्त काढणं सोपं म्हणून रक्त, बाकी काही नाही. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण २ मीटर भरतो आणि तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान जागेत गुंडाळून बसलेला असतो. त्यात चार अक्षरांची भाषा, आईकडचे आणि बापाकडचे दोन्ही संच धरून एकूण सुमारे ६ अब्ज अक्षरं.

३. कॉपी काढते म्हणजे कोण काढतं? झेरॉक्ससारखं असतं का?

झेरॉक्ससारखं नसतं, कारण झेरॉक्समध्ये मूळ कागद तुमच्याकडे राहतो आणि कॉपी वेगळी निघते. इथे डीएनएचे दोन पदर एकमेकांपासून सुटतात आणि प्रत्येक जुन्या पदराला नवा जोडीदार विणला जातो, म्हणजे दोन्ही कॉप्यांच्या वाट्याला अर्धं जुनं, अर्धं नवं. हे १९५८ मध्ये मेसेल्सन आणि स्टाल यांनी बॅक्टेरियावर दाखवलं. विणणाऱ्या यंत्राला पॉलिमरेज म्हणतात, ते आर्थर कॉर्नबर्ग यांनी शोधलं आणि १९५९ चं नोबेल त्यांना मिळालं.

आता खरी अडचण. दोन पदर उलट्या दिशांनी जातात आणि हे यंत्र एकाच दिशेने विणू शकतं. त्यामुळे एक पदर सलग विणला जातो आणि दुसरा मागे मागे जाऊन तुकड्या तुकड्याने, आणि मग ते तुकडे सांधायचे. या तुकड्यांना ओकाझाकी तुकडे म्हणतात, रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी या जपानी नवराबायकोने १९६० च्या दशकात नागोयात हे शोधलं. रेजी लहानपणी हिरोशिमात होते, १९७५ मध्ये ४४ व्या वर्षी ल्युकेमियाने गेले, त्सुनेकोंनी काम पुढे चालू ठेवलं. क्लासमध्ये हे तुकडे शिकवतात, ही माणसं कुणी शिकवत नाही, म्हणून लिहिलं.

वेग म्हणाल तर माणसाच्या पेशीत सेकंदाला साधारण ५० अक्षरं. एकाच यंत्राने एका टोकापासून सुरू केलं असतं तर पावणेचार वर्षं लागली असती, पण हजारो ठिकाणांहून एकदम काम सुरू होतं आणि ८ तासांच्या आसपास उरकतं. म्हणजे मिलची एक पाळी.

४. एवढं फास्ट कॉपी करताना चुका होत नसतील का?

होतात, पण आपण समजतो त्यापेक्षा फार कमी. यंत्र अक्षर बसवताना साधारण लाखात एक चूक करतं, मग तेच मागे वळून बघतं आणि चुकलेलं अक्षर कापून टाकतं, आणि त्यातूनही जे सुटलं ते पकडायला मागून दुसरी टोळी येते, तिला मिसमॅच रिपेअर म्हणतात. शेवटी राहते ती अब्जात एखादी चूक. कापडाच्या धंद्यात एवढा चोख माल कुणी दिला तर मी त्याच्या पाया पडेन. ही मागून येणारी टोळीच बिघडली तर काय होतं ते प्रश्न ७ आणि १६ मध्ये.

५. कॉपी चालू नसताना डीएनए खराब होतो का? आपल्या सोलापूरच्या उन्हाने पण होत असेल मग.

होतो, आणि हे लोकांना पटत नाही. आधी शास्त्रज्ञांनाही पटत नव्हतं, डीएनए म्हणजे दगडासारखी पक्की वस्तू असंच सगळे धरून चालले होते. टॉमस लिंडाल यांनी हिशोब मांडला की अंगातल्या पाण्याने आणि उबेनेच एका पेशीत दिवसाला सुमारे १०,००० अक्षरं नुसती गळून पडतात. काही न करता, घरी बसून. याचा अर्थ दुरुस्ती सतत चालू असलीच पाहिजे, नाहीतर आपण जगलोच नसतो, आणि ती दुरुस्ती त्यांनी शोधून काढली.

उन्हाचं वेगळं. अल्ट्राव्हायोलेटने शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात आणि कॉपीचं यंत्र तिथे अडकतं. आपली पेशी मग त्या जागेचा सुमारे ३० अक्षरांचा तुकडाच कापून काढते आणि नवा भरते. हे कसं होतं ते अझीझ संजार यांनी उलगडलं, तुर्कस्तानातल्या सावूर नावाच्या छोट्या गावचा माणूस, आईबाप शिकलेले नव्हते, रिसर्चसाठी तीन ठिकाणी अर्ज केले, तिन्हीकडून नकार, शेवटी टेक्निशियन म्हणून लागले. लिंडाल, संजार आणि मिसमॅच रिपेअरवाले पॉल मॉड्रिच या तिघांना २०१५ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन बरंच ऊन अडवतं, त्यामुळे मे महिन्यात सोलापुरात कातडीच्या कॅन्सरपेक्षा उष्माघाताची काळजी करा. अपवाद एक आहे, ही कापून भरायची यंत्रणा जन्मतःच बिघडलेली मुलं असतात, झिरोडर्मा पिगमेंटोसम नावाचा आजार, त्यांना कातडीच्या कॅन्सरचा धोका हजारो पटींनी जास्त असतो आणि त्यांना उन्हापासून अक्षरशः लपवून ठेवावं लागतं. फार दुर्मिळ आहे.

६. एवढी दुरुस्ती असताना मग कॅन्सर होतोच कसा? आमच्या आप्पांनी आयुष्यात सुपारी पण खाल्ली नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा रडवेला येतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

एका चुकीने कॅन्सर होत नाही. बहुतेक चुका अशा जागी पडतात जिथे काही फरकच पडत नाही. पेशीला बेबंद वाढवणाऱ्या नेमक्या जागा मोजक्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा, साधारण दोन ते आठ, एकाच पेशीच्या वंशात बिघडाव्या लागतात, म्हणून वय वाढेल तसा धोका वाढतो. शिवाय वर मुकादम असतो, त्याचं नाव पी५३. नुकसान दिसलं की तो माग थांबवतो, दुरुस्ती होत नसेल तर ती पेशी मारूनच टाकतो. सुमारे निम्म्या कॅन्सरमध्ये हा मुकादमच बिघडलेला सापडतो.

आता आप्पा. चुका तीन वाटांनी येतात, घराण्यातून, बाहेरून (तंबाखू, ऊन, व्हायरस) आणि नुसत्या कॉपीच्या ओघात. २०१७ मध्ये एका मोठ्या अभ्यासात हिशोब आला की कॅन्सरमधल्या म्युटेशनपैकी (म्हणजे डीएनएत कायमच्या राहिलेल्या चुकांपैकी) सुमारे दोन तृतीयांश या तिसऱ्या वाटेने येतात. त्यावरून शास्त्रज्ञांमध्ये भांडणं झाली, आणि याचा अर्थ दोन तृतीयांश कॅन्सर टाळता येत नाहीत असा मुळीच नाही, कारण कॅन्सरला अनेक चुका लागतात आणि त्यातली एक जरी टळली तरी साखळी तुटते. पण एवढं नक्की की निर्व्यसनी माणसालाही होऊ शकतो, आणि तेव्हा घरातल्यांनी "काय चुकलं आपलं" म्हणून एकमेकांकडे बघत बसायचं काही कारण नसतं. डब्यात काय दिलं, कुठल्या भांड्यात शिजवलं, कुणाचं काय केलं होतं, हे सगळं मी ऐकलंय. सोडून द्या.

७. ताई तुम्ही यीस्टवर काम करता असं कळलं. यीस्टला कॅन्सर होतो का? मग उपयोग काय?

होत नाही. एकच पेशी, तिने कितीही वाढावं, तिला कोण अडवणार. पण कॉपी आणि दुरुस्तीची यंत्रं तिच्यात आणि आपल्यात इतकी सारखी आहेत की बेकरीतल्या पावाच्या यीस्टवर काय बिघडतंय ते बघून माणसाचा जीन (डीएनएमधला एका ठराविक कामाचा मजकूर) सापडलाय. १९९३ ची गोष्ट. काही घराण्यांमध्ये पिढ्यानपिढ्या मोठ्या आतड्याचा कॅन्सर व्हायचा, लिंच सिंड्रोम म्हणतात त्याला, आणि त्या गाठींच्या डीएनएमध्ये एकच अक्षर किंवा जोडी परत परत येते अशा जागांची लांबी कमीजास्त झालेली दिसली. यीस्टवाले म्हणाले, अरे हे तर आम्ही मिसमॅच रिपेअर बिघडवल्यावर रोज बघतो. त्याच वर्षी माणसातला तो जीन मिळाला.

८. मावा खाऊन सगळ्यांनाच कुठं होतंय? आमचे आजोबा ऐंशी वर्षं जगले.

आजोबा जगले, पण त्यांच्याबरोबर मावा खाणारे जे गेले त्यांचे नातू मला मेसेज करत नाहीत. तंबाखूतली नायट्रोसामाइन नावाची रसायनं अंगात गेल्यावर बदलतात आणि थेट डीएनएच्या अक्षरांना चिकटतात, आणि तिथे कॉपीचं यंत्र एकतर अडकतं नाहीतर चुकीचं अक्षर टाकून पुढे जातं. वर चुना तोंडाची आतली कातडी सोलतो, ती भरायला पेशी जास्त वेळा वाढतात, म्हणजे जास्त कॉप्या, आणि त्या सगळ्या डाग पडलेल्या डीएनएवरून. नुसती सुपारीसुद्धा, तंबाखूशिवाय, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलीय, २००४ पासून. राज्यात गुटखाबंदी २०१२ ची, टपरीवर काय मिळतं ते तुम्हाला माहितीय.

तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंड आलंय आणि तीन आठवड्यांत बरं होत नसेल तर दाखवा, मला नाही, डॉक्टरांना. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा फुकट नंबर आहे. धूर ओढणाऱ्यांसाठी उत्तर वेगळं नाही, जागा वेगळी, फुफ्फुसं.

९. मी विडी वळते, ओढत नाही. मला पण धोका आहे का?

तुमच्या प्रश्नाला कुणी नीट उत्तर देत नाही हे मला माहितीय, सोलापुरात हजारो बायका हेच काम करतात आणि सगळे सल्ले ओढणाऱ्यांसाठी असतात. तंबाखूची पूड श्वासातून आणि हातातून अंगात जाते. विडी कामगारांच्या रक्ताच्या पेशींमध्ये क्रोमोझोम (डीएनएच्या गुंडाळ्या) तुटल्याच्या खुणा जास्त दिसल्याचे अभ्यास आपल्या देशात झालेत. खुणा दिसणं म्हणजे कॅन्सर होणं नव्हे, दुरुस्ती चालूच असते, पण रोजचा मारा कमी केलेला बरा. तोंडाला ओला फडका, जेवायच्या आधी साबणाने हात, वळायची जागा आणि स्वयंपाकाची जागा वेगळी, लेकरांना सुपाजवळ झोपवू नका. दुसरं काम बघा असं मी म्हणणार नाही, एका खोलीच्या घरात हे सांगणंसुद्धा किती सोपं असतं ते मला कळतं.

१०. आईला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. म्हणजे मला होणारच का?

नाही. सगळ्या कॅन्सरमध्ये घराण्यातून आलेले साधारण ५ ते १० टक्के. त्यात सगळ्यात ओळखीचे दोन जीन, बीआरसीए१ आणि बीआरसीए२, आणि दोघंही डीएनएचे दोन्ही पदर तुटले तर ते अचूक जोडायच्या कामातले. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये पहिला जीन १७ व्या क्रोमोझोमवर असल्याचं दाखवलं, तोपर्यंत ब्रेस्ट कॅन्सर असा घराण्यात उतरतो यावर फार जणांचा विश्वास नव्हता. बिघडलेला जीन आला असेल तर आयुष्यभरात ब्रेस्ट कॅन्सरचा धोका ६० टक्क्यांच्या पुढे जातो, हे खरंय, पण आईकडून तो यायची शक्यता अर्धी, आणि मुळात आईला तो होता का हेच आधी माहीत हवं. म्हणून टेस्ट शक्यतो आधी आजारी माणसाची करतात, मग बाकीच्यांची. आईला खूप लवकर, पन्नाशीच्या आत झाला असेल, किंवा मावशी-आजीलाही असेल, किंवा ओव्हरीचा असेल तर विचारा. ऑनलाइन थुंकी पाठवायची टेस्ट घेऊ नका, पैसे जातात आणि भीती उरते.

११. आम्हाला दोन्ही मुलगेच. मग आमच्याकडं या जीनचा काय संबंध?

संबंध आहे. पुरुषाकडूनही तो पुढे जातो, नातीला येऊ शकतो, आणि बीआरसीए२ असलेल्या पुरुषांना स्वतःला प्रोस्टेटचा आणि क्वचित छातीचाही धोका वाढतो. घराण्याची माहिती सांगताना लोक फक्त आईच्या बाजूची सांगतात. आत्या सांगायला विसरू नका.

१२. दुरुस्ती बिघडली म्हणून कॅन्सर झाला म्हणता, आणि औषध परत दुरुस्तीच बंद पाडतं? उलटंच की हे.

उलटं वाटतं, पण याच्यावरच माझा सगळ्यात जास्त जीव आहे. सोलापूरच्या पाण्याने समजावते. उजनीचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं, पण ज्याच्याकडे बोअर आहे त्याचं भागतं. आता एक घर असं धरा ज्याचा बोअर जळलाय. रोज नळावर कसंतरी चाललंय. तुम्ही अख्ख्या शहराचा नळ बंद केला तर बोअरवाले सगळे तगतील, ते एकच घर कोरडं पडेल.

कॅन्सरची पेशी म्हणजे ते घर. तिचा बोअर, म्हणजे बीआरसीए, गेलेला असतो. (अंगातल्या बाकी पेशींमध्ये एक बिघडलेली आणि एक चांगली प्रत असते, त्यांचं भागतं, गाठीत मात्र ती चांगली प्रतही गेलेली असते.) नळ म्हणजे पार्प नावाचं प्रोटीन, जे एका पदराचे छोटे तुटलेले भाग सांधायला मदत करतं. औषध पार्पला डीएनएवरच अडकवून ठेवतं, कॉपीचं यंत्र येऊन त्यावर धडकतं, दोन्ही पदर तुटतात, चांगली पेशी ते जोडते, गाठीतली पेशी मरते. हे २००५ मध्ये इंग्लंडमधल्या दोन गटांनी एकदम दाखवलं आणि २०१४ च्या डिसेंबरमध्ये ओलापॅरिब या पहिल्या गोळीला अमेरिकेत मंजुरी मिळाली.

कायमचं काम करतं का, तर बऱ्याचदा नाही. काही गाठींमध्ये नवीन म्युटेशन होऊन बीआरसीए जीन परत चालू होतो, म्हणजे त्या घराने गुपचूप बोअर दुरुस्त करून घेतला. काहींमध्ये अडकलेलं कॉपीचं यंत्र सांभाळायची दुसरीच युक्ती सापडते, आणि ती युक्ती म्हणजेच माझं रोजचं काम.

१३. लाईट देताना महिनाभर रोज का बोलवतात? एकदाच जोरात का देत नाहीत?

लाईट म्हणजे रेडिएशन, ते डीएनएचे दोन्ही पदर तोडतं, गाठीचे आणि आजूबाजूच्या चांगल्या पेशींचेही. चांगली पेशी रात्रीतून बरंचसं जोडून घेते, गाठीतल्या पेशीची दुरुस्ती सहसा कच्ची असते, तिचं रोज थोडं शिल्लक राहतं आणि साचत जातं. म्हणून थोडं थोडं, रोज. मध्ये गॅप पडला तर गाठीलाही उसंत मिळते, त्यामुळे गावाकडे जत्रा आहे म्हणून चार दिवस बुडवू नका. काही गाठींना कमी दिवसांत जास्त डोस पण देतात, ते जागेवर अवलंबून, डॉक्टरांना विचारा.

१४. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर तर व्हायरसनं होतो म्हणतात. मग डीएनए दुरुस्ती कुठं आली यात?

एचपीव्ही व्हायरसकडे दोन प्रोटीन असतात, त्यातलं एक प्रश्न ६ मधल्या मुकादमाला, पी५३ ला, पकडून पेशीच्या कचराकुंडीत पाठवतं, दुसरं पेशीच्या वाढीचा ब्रेक काढतं. मुकादम नाही आणि ब्रेक नाही, मग कॉपीच्या चुका साचत जातात. बहुतेक बायकांमध्ये व्हायरस आपोआप जातो, ज्यांच्यात वर्षानुवर्षं राहतो त्यांना धोका.

आणि यात आपल्या भागाचं नाव जगभर आहे, सोलापुरातल्याच लोकांना माहीत नसतं. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागातली कॅन्सर नोंदणी चालते, देशातली पहिली. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, १,३१,७४६ बायकांवर मोठा अभ्यास झाला, बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल त्यात होतं, आणि २००९ मध्ये निकाल आला की आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. एकदाच. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने करून घ्या. मुलींसाठी लस आहे, पुण्यात बनलेली भारतीय लसही आहे, ९ ते १४ वयात दिलेली सगळ्यात चांगली.

१५. "डीएनए रिपेअर" पावडर मिळते, घ्यावी का? आणि मोबाईल टॉवर?

पावडर नको. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन वगैरे देऊन बघितलं होतं, १९९४ चा निकाल, बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर कमी नाही, १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खा, पावडर नको. टॉवरच्या लहरींमध्ये डीएनएचे बंध तोडण्याइतकी शक्ती नसते, गच्चीवर टॉवर असलेल्या घरात बसून तंबाखू मळणारे काका मला हा प्रश्न विचारतात तेव्हा काय बोलावं कळत नाही.

१६. रिपोर्टमध्ये "एमएसआय हाय" लिहिलंय, म्हणजे म्युटेशन खूप आहेत. म्हणजे वाईट ना?

हा खरा अपवाद आहे. एमएसआय म्हणजे मायक्रोसॅटेलाइट इन्स्टॅबिलिटी, प्रश्न ७ मधल्या परत परत येणाऱ्या अक्षरांच्या जागांची लांबी कमीजास्त होणं. याचा अर्थ गाठीची मिसमॅच रिपेअर टोळी (प्रश्न ४) बिघडलीय आणि चुकांचा डोंगर झालाय, पण त्याच डोंगरामुळे ती गाठ आपल्या रोगप्रतिकार यंत्रणेला परकी दिसते. म्हणून अशा गाठींवर इम्युनोथेरपी बऱ्याचदा चांगली चालते, २०१७ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा एका औषधाला गाठ कुठल्या अवयवात आहे ते न बघता फक्त या खुणेवर मंजुरी मिळाली. २०२२ मध्ये अशाच प्रकारच्या गुदाशयाच्या कॅन्सरच्या पहिल्या १२ पेशंटमध्ये बाराही जणांची गाठ ऑपरेशनशिवाय दिसेनाशी झाली. छोटा अभ्यास आहे, औषधं महाग आहेत, पण हा शब्द रिपोर्टात असेल तर डॉक्टरांना मुद्दाम विचारा. आणि लिंच आहे का तेही (प्रश्न ७), कारण मग भावंडांचंही बघावं लागतं.

१७. आणि "व्हीयूएस"?

म्हणजे व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स. जीनमध्ये बदल सापडलाय पण तो धोक्याचा की निरुपद्रवी हे ठरलेलं नाही, एवढंच. आपल्याकडे असे रिपोर्ट जास्त येतात कारण जगभरच्या डेटामध्ये भारतीय लोक कमी आहेत. त्यावरून ऑपरेशनचा निर्णय घ्यायचा नसतो. दोन-तीन वर्षांनी परत विचारा, बरेचसे नंतर निरुपद्रवी ठरतात.

१८. रिपोर्टचा फोटो पाठवू का? जरा बघून सांग की.

नको. माझ्या नावापुढचं डॉक्टर पीएचडीचं आहे, मी आजवर फक्त यीस्ट बरी केलीय, तीही कधीकधी. रिपोर्टातल्या एखाद्या शब्दाचा अर्थ विचारायचा असेल तर तो शब्द टाइप करून पाठवा, नाव आणि पेशंट नंबर झाकून. शेंगा चटणी पाठवायची असेल तर ती मात्र कधीही चालेल.